युद्ध, आणीबाणी आणि गोमंतकीय नागरिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला आणि ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. सरावासाठी केंद्राने काढलेल्या यादीत उत्तर आणि दक्षिण गोवाही होते. त्या आठवड्यात वास्कोपासून पेडण्यापर्यंत एकच प्रश्न फिरत होता: आता आणीबाणी लागू झाली का? ती लागू झाली नव्हती, आणि तरीही सरकारकडे बरेच अधिकार होते. हे कसे, ते समजून घ्यायचे असेल तर कोणत्याही सरकारी आदेशाला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: तो कोणत्या कायद्याखाली निघाला, त्यावर सही कोणाची आहे आणि त्याची मुदत कधी संपते. खालची बहुतेक उत्तरे या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

भारतात युद्धाची घोषणा कोण करतो? संसदेचे मतदान लागते का?

मतदानाची अट राज्यघटनेत नाही. संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य अनुच्छेद ५३ नुसार राष्ट्रपतींकडे आहे. मात्र अनुच्छेद ७४ मुळे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. म्हणजे निर्णय प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाचा असतो. ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत आहे, त्यामुळे राज्य सरकारचा किंवा विधानसभेचा त्यात काही संबंध येत नाही. संसदेची पकड येते ती पैशाच्या बाजूने, कारण संरक्षणावरचा खर्च तिच्या मंजुरीवाचून चालू शकत नाही, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते म्हणूनही. रीतसर ‘युद्धाची घोषणा’ हा प्रकार आता जगभरातच दुर्मीळ झाला आहे, हे येथेच नोंदवून ठेवावे.

युद्ध सुरू झाले की आणीबाणी आपोआप लागू होते का?

नाही. लढाई ही वस्तुस्थिती आहे; अनुच्छेद ३५२ खालची राष्ट्रीय आणीबाणीची उद्घोषणा हा स्वतंत्र कायदेशीर निर्णय आहे आणि एकातून दुसरे आपोआप निघत नाही. १९९९ साली कारगिलमध्ये कित्येक आठवडे लढाई चालली, पण आणीबाणी पुकारली गेली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हाही उद्घोषणा झाली नव्हती. उलट बाजूने, १९६५ च्या युद्धासाठी वेगळी उद्घोषणा करावी लागली नाही, कारण १९६२ ची आणीबाणी तेव्हा चालूच होती. लढाई थांबून वर्षे लोटली तरी उद्घोषणा मागे घेतली नसेल तर ती कायम राहते. पहिल्या आणीबाणीचे नेमके हेच झाले.

आजवर राष्ट्रीय आणीबाणी किती वेळा लागू झाली, आणि तेव्हा गोवा कोठे होता?

तीनदा. पहिली २६ ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनच्या आक्रमणानंतर. ती १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. दुसरी ३ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानशी युद्ध सुरू होताच. तिसरी २५ जून १९७५ रोजी, ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून. दुसरी चालू असतानाच तिसरी आली आणि दोन्ही मार्च १९७७ मध्ये संपल्या.

गोव्याच्या बाबतीत पहिली तारीख जरा थांबून पाहण्यासारखी आहे. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतात समाविष्ट झाला. लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांचा कारभार जून १९६२ मध्ये संपला. त्यानंतर चार-पाच महिन्यांतच देशात आणीबाणी आली. पोर्तुगीज हुकूमशाहीत मूलभूत हक्क म्हणजे काय याचा अनुभवच न मिळालेल्या गोमंतकीयांना ते हक्क भारतीय राज्यघटनेने दिले, आणि वर्षही पुरे होण्याआधी त्यांतले काही तहकूब झाले. मुक्तीच्या इतिहासात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगितली जायला हवी असे वाटते.

१९७५ सालीही गोवा केंद्रशासित प्रदेशच होता. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेव्हा येथे नव्हते. ते १९८२ मध्ये आले. तोवर न्यायिक आयुक्तांचे न्यायालय काम पाहत असे.

१९७५ सारखी आणीबाणी आज पुन्हा लावता येईल का?

तशीच लावता येणार नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वाट बरीच अरुंद केली आहे. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण गेले आणि त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आला. आता युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव, अथवा त्यांचा नजीकचा धोका, एवढीच कारणे उरली आहेत. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींनी सही केली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. आज मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना उद्घोषणा करता येत नाही.

त्यापुढे संसदेची चाळणी आहे. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्यता द्यावी लागते, म्हणजे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. ही मान्यता सहा महिन्यांपुरती असते. पुढे चालू ठेवायची तर पुन्हा तेच करावे लागते. लोकसभेने साध्या बहुमताने नापसंती दर्शवली तर उद्घोषणा मागे घ्यावीच लागते, आणि सभागृहाचे एक-दशांश सदस्य लेखी नोटीस देऊन त्यासाठी चौदा दिवसांत खास बैठक घडवून आणू शकतात. लावण्यासाठी विशेष बहुमत आणि उठवण्यासाठी साधे, ही रचना मुद्दाम केलेली आहे. अर्थात ज्या सरकारकडे दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत असेल त्याला यातली कोणतीच अट अशक्य नाही, हेही खरे.

आणीबाणीत माझे मूलभूत हक्क संपतात का?

सगळे संपत नाहीत, आणि जे बाजूला पडतात तेही कारणानुसार. युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून उद्घोषणा झाली असेल तर अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्ये, म्हणजे भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य आणि व्यवसाय, अनुच्छेद ३५८ मुळे सरकारच्या आड येत नाहीत. मात्र हे संरक्षण आणीबाणीशी संबंध असल्याचे नमूद केलेल्या कायद्यांनाच मिळते. आणीबाणीचे निमित्त करून भलत्याच विषयावर केलेला कायदा त्यात बसत नाही. सशस्त्र उठावाच्या कारणावरून लागलेल्या आणीबाणीत अनुच्छेद १९ आपोआप तहकूब होत नाही.

इतर हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपती अनुच्छेद ३५९ खाली वेगळा आदेश काढून बंद करू शकतात, पण अनुच्छेद २० आणि २१ त्यातून वगळलेले आहेत. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क अशा रीतीने बाजूला का काढावा लागला, याचे उत्तर एका निकालात आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करण्यासाठीचा, अर्जही करता येणार नाही. विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. पुढे त्यांची सेवाज्येष्ठता डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, स्पष्टपणे सांगून रद्द ठरवला.

आणीबाणी नसतानाही मला खटल्याविना अटकेत ठेवता येते का?

होय, आणि ही गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते. १९७१ चा ‘मिसा’, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७८ मध्ये रद्द झाला; पण १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही लागू आहे आणि त्याच्या वापरासाठी कोणतीही उद्घोषणा लागत नाही. देशाच्या संरक्षणास, सार्वजनिक सुव्यवस्थेस किंवा अत्यावश्यक पुरवठ्यास बाधा येईल असे कृत्य रोखण्यासाठी प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा आदेश काढता येतो. राज्य सरकारने तसा अधिकार दिला असेल तर जिल्हा दंडाधिकारीही, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, तो काढू शकतात. हा अधिकार एका वेळी तीन महिन्यांपुरताच देता येतो, म्हणून वर्तमानपत्रांत तो ‘पुन्हा वाढवला’ अशा बातम्या अधूनमधून दिसतात.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश राज्य सरकारने बारा दिवसांत मंजूर केला नाही तर तो गळून पडतो. स्थानबद्धतेची कारणे साधारणपणे पाच दिवसांत द्यावी लागतात, प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते आणि कमाल मुदत बारा महिन्यांची असते. मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही. मंडळाशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारी तरतूद चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतच आहे. ती अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र इतक्या वर्षांत कोणत्याही सरकारने काढलेली नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असो.

भोंगा वाजला तर दिवे मालवणे कायद्याने बंधनकारक आहे का?

त्यासाठी नागरी संरक्षण कायदा, १९६८ आहे. त्यातली ‘शत्रूच्या हल्ल्या’ची व्याख्या युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांवर न थांबता ‘किंवा अन्यथा’ म्हणते, त्यामुळे अनुच्छेद ३५२ ची उद्घोषणा नसतानाही हा कायदा वापरता येतो. दिव्यांवर नियंत्रण, लोकांना हलवणे, इमारतींच्या बचावाची व्यवस्था, नागरी संरक्षण दल उभारणे, हे सारे त्यात बसते. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना याच चौकटीतले तातडीचे खरेदीचे अधिकार वापरायला सांगितले होते. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचे कामही या दलाकडे आले.

सराव असो की खरा प्रसंग, भोंग्याचे दोन आवाज ओळखता आले पाहिजेत. सुमारे दोन मिनिटे चढता-उतरता, हेलकावे घेणारा आवाज म्हणजे धोक्याचा इशारा. दोन मिनिटे एकाच पट्टीत सलग चाललेला आवाज म्हणजे धोका टळला. पहिल्या आवाजाला खिडकीतून प्रकाश बाहेर जाऊ न देणे, भिंतीच्या आडोशाला बसणे आणि रस्त्यावर असाल तर वाहन कडेला लावून दिवे बंद करणे एवढे करावे. आपल्याकडे जुन्या घरांची छपरे मंगळुरी कौलांची असतात. अशा घरात वरच्या मजल्यावर किंवा पडवीत थांबण्यापेक्षा जाड मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतींची आतली खोली बरी.

कोविडच्या काळात जे झाले ती आणीबाणी होती का?

घटनेच्या अर्थाने नव्हती. २५ मार्च २०२० पासूनची टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली होती, आणि जोडीला १८९७ चा साथरोग कायदा आणि जमावबंदीचे आदेश होते. सीमेवर पत्रादेवी आणि मोले येथे गाड्या अडवल्या गेल्या, दुकाने बंद राहिली, मासळी बाजार ओस पडला, आणि एवढे सगळे होऊनही अनुच्छेद ३५२ ला कोणी हात लावला नाही. साधे, कायम अस्तित्वात असलेले कायदे किती दूरवर पोचतात याचा आपल्या पिढीने घेतलेला हा सर्वांत मोठा अनुभव होय.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपत्तीच्या व्याख्येत युद्धाचा शब्दशः उल्लेख नाही, पण ‘मानवनिर्मित कारणे’ त्यात आहेत.

सरकार माझे घर, हॉटेल किंवा गाडी ताब्यात घेऊ शकते का?

बचावकार्यासाठी जागा, वाहने आणि साधनसामग्री तात्पुरती अधिग्रहित करण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहे. कळंगुटचे हॉटेल असो वा फोंड्यातली टेम्पो ट्रॅव्हलर, आदेश लेखी हवा आणि कलम ६६ नुसार भरपाई द्यावी लागते. रकमेवर वाद झाला तर तो लवादाकडे नेता येतो. केंद्र सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी स्थावर मालमत्ता घ्यायची झाल्यास १९५२ चा वेगळा अधिग्रहण कायदा आहे आणि त्यातही भरपाई आहेच. मात्र तोंडी सांगून किल्ल्या मागण्याची तरतूद यांपैकी कोठेही नाही. आदेशाची प्रत, घेतलेल्या वस्तूंची यादी आणि तारीख-वेळ यांची पोच घेऊन ठेवावी, कारण पुढे भरपाईचा दावा याच कागदांवर उभा राहतो.

पंचायतीच्या फलकावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लावला आहे. तो कसा वाचावा?

बहुतेक वेळा तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा असतो. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ करीत असे आणि लोक अजून ‘एकशे चव्वेचाळीस लावला’ असेच म्हणतात.

आदेश हातात घेतल्यावर पहिल्या परिच्छेदात कारण शोधावे. ‘सार्वजनिक शांततेस धोका आहे’ एवढेच मोघम वाक्य पुरत नाही; कोणत्या माहितीवरून, कोणत्या भागात, कशाचा धोका, याची वस्तुस्थिती तेथे लिहिलेली असावी लागते. मग क्षेत्र पाहावे: संपूर्ण जिल्हा, एक तालुका, की बंदराच्या भोवतालचा काही मीटरचा पट्टा? नंतर मनाई नेमकी कशाला आहे ते पाहावे, कारण पाच माणसांच्या जमावाला बंदी आणि घराबाहेर पडायलाच बंदी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शेवटी सही आणि तारीख. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक टिकत नाही. राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढतो. दोन महिने संपले की नवी तारीख घालून तोच मजकूर पुन्हा चिकटवण्याची सवय प्रशासनाला असते, आणि अशी पुनरावृत्ती म्हणजे अधिकाराचा दुरुपयोग ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितले आहे.

ज्याला आदेशाचा जाच होतो त्याला तो रद्द किंवा बदलण्यासाठी त्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. त्यात साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत, आणि माणसांच्या जीविताला धोका झाला असेल तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

रस्त्यावर लष्कर उतरले म्हणजे मार्शल लॉ लागू झाला का?

नाही. जमाव पांगवण्यासाठी कार्यकारी दंडाधिकारी लष्कराची मदत मागू शकतात, ती तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे, आणि तेव्हाही लष्कर नागरी प्रशासनाच्या मदतीलाच आलेले असते. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा गोव्यात लागू नाही. मार्शल लॉ या शब्दाचा उल्लेख अनुच्छेद ३४ मध्ये आहे, पण त्याची व्याख्या घटनेत कोठेही दिलेली नाही.

इंटरनेट कोणाच्या आदेशाने बंद होते?

दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम २० आणि त्याखालच्या २०२४ च्या नियमांनुसार हा आदेश सर्वसाधारणपणे केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव काढतात. पोलीस ठाण्याच्या पातळीवर तो निघत नाही. आदेशात कारणे आणि क्षेत्र लिहावे लागते, तो प्रसिद्ध करावा लागतो, पंधरा दिवसांहून अधिक चालत नाही आणि पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो तपासायचा असतो. प्रसिद्धीची अट जितकी महत्त्वाची तितकीच ती दुर्लक्षिली जाते. आदेशच दिसला नाही तर त्याला आव्हान कशाच्या आधारे द्यायचे?

युद्धाच्या काळात मासेमारी बंद करता येते का?

येते. राज्याच्या किनारी पाण्यात १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली निर्बंध घालता येतात. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी हा त्याचाच नेहमीचा वापर. बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राचे आणि दोनशे मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्राचे नियंत्रण १९७६ च्या कायद्याने केंद्राकडे आहे. सुरक्षेच्या कारणावरून नौदल किंवा तटरक्षक दल एखादा पट्टा टाळायला सांगते तेव्हा मालीम, कुटबण किंवा खारीवाड्याच्या जेटीवरच्या ट्रॉलरमालकाने मत्स्योद्योग खात्याची लेखी सूचना मागून घ्यावी. बंदीमुळे बुडालेल्या दिवसांची भरपाई आपोआप मिळत नाही, आणि रापणकारांचे तर नावही अशा हिशेबात सहसा येत नाही.

मुरगाव बंदराने युद्धकाळाचा कायदा फार जवळून पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मन आणि इटालियन व्यापारी जहाजांनी येथे आसरा घेतला होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी ‘एहरनफेल्स’ या जर्मन जहाजावर चढाई केली आणि खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. तटस्थ देशाच्या पाण्यात केलेली ती कारवाई आंतरराष्ट्रीय कायद्याचा उघड भंग होती, म्हणूनच ब्रिटिशांनी ती पुढची कित्येक वर्षे गुप्त ठेवली.

दाबोळीला विमानाचे फोटो काढले तर?

दाबोळी हा मुळात नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे आणि नागरी विमानतळ त्याच्या एका कडेला वसलेला आहे. फोटोबंदी तेथे एरवीही असते. संघर्षाच्या काळात नौदलाच्या हालचालींची चित्रे समाजमाध्यमांवर टाकणे शासकीय गुपिते कायदा, १९२३ खाली फार महागात पडू शकते.

सक्तीने सैन्यात भरती करता येते का?

सध्या तशी सक्ती करणारी व्यवस्था भारतात नाही. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्यास अनुच्छेद २३(२) आडकाठी करीत नाही, पण त्यासाठी स्वतंत्र कायदा लागेल आणि त्यात धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव चालणार नाही.

माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आहे. युद्धकाळात माझे स्थान काय?

लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली माणसे भारताच्या दृष्टीने परदेशी नागरिक असतात. अनुच्छेद १९ ची स्वातंत्र्ये फक्त भारतीय नागरिकांना असल्यामुळे ती त्यांना शांततेच्या काळातही नसतात. समानतेचा आणि जीविताचा हक्क मात्र सर्वांना आहे. ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ही कायदेशीर कोटी वेगळी आहे. तिच्यात मोडणाऱ्याला अनुच्छेद २२ मधली अटकेविरुद्धची संरक्षणे मिळत नाहीत आणि केंद्राच्या परवानगीशिवाय दिवाणी दावाही लावता येत नाही. पण ती कोटी लागू होण्यासाठी ते राष्ट्रच भारताशी युद्धात असावे लागते, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टधारकांनी या कारणाने धास्ती बाळगण्याचे काही प्रयोजन नाही. प्रवास आणि वास्तव्यावरचे निर्बंध आता २०२५ च्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्याखाली घातले जातात.

‘शत्रू मालमत्ता’ गोव्यात आहे का? जमीन घेताना काय पाहावे?

आहे, आणि तिचा पोर्तुगिजांशी संबंध जोडणे चूक आहे. शत्रू मालमत्ता कायदा, १९६८ हा १९६२ आणि १९६५ च्या युद्धांतून, चीन आणि पाकिस्तानच्या नागरिकांच्या मालमत्तेसाठी आला. कराचीत गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. त्यांतले जे पाकिस्तानी नागरिक झाले त्यांची येथली घरे-भाटे या कायद्याच्या कक्षेत येतात. ही मालमत्ता केंद्राच्या शत्रू मालमत्ता अभिरक्षकाकडे असते. १९६१ नंतर गोवा सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी १९६४ चा निष्क्रांत मालमत्तेचा वेगळा कायदा आहे. दोन्हींची सरमिसळ वकिलांच्या कागदांतही आढळते.

२०१७ च्या दुरुस्तीने शत्रू मालमत्तेवरची पकड अगदी घट्ट केली. मूळ मालक वारला, त्याने राष्ट्रीयत्व बदलले किंवा त्याचा वारस भारतीय नागरिक असला, तरी मालमत्ता अभिरक्षकाकडेच राहते. वारसाहक्काचा कायदा तिला लागू होत नाही आणि दिवाणी न्यायालयाचे दार बंद आहे. म्हातारपणापर्यंत भाट सांभाळलेल्या, कधीच गोवा न सोडलेल्या भावाबहिणींना ही तरतूद फार कठोरपणे लागते, असे या लेखकाचे मत आहे. खरेदीदाराने एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, थांबू नये. इन्व्हेंटरीच्या (वारसांमधल्या वाटणीच्या) कागदांत एखादा वारस ‘कराचीनिवासी’ दाखवला असेल तर पुढे जाण्याआधी अभिरक्षकाच्या यादीत तो सर्वे क्रमांक आहे का ते तपासावे, कारण तशी विक्री मुळातच शून्यवत ठरते.

१९६१ ची कारवाई कायद्याच्या दृष्टीने युद्ध होती का?

भारताने युद्ध पुकारले नव्हते. आपल्याच भूभागावरची वसाहत संपवणे, ही भारताची भूमिका होती. पण प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुक्तीनंतर पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवणारे एक धर्मगुरू, रेव्हरंड मोंतेरो, परवान्याची मुदत संपल्यावरही गोव्यात राहिले आणि परकीय नागरिक कायद्याखाली दोषी ठरले. आपला प्रदेश लष्करी ताब्यात आहे, म्हणून जिनिव्हा करारांनुसार आपल्याला हद्दपार करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: लष्करी ताबा ही तात्पुरती स्थिती असते, गोव्याचे मात्र पूर्ण विलीनीकरण झाले आहे, आणि विलीनीकरणानंतर ताब्यासाठीचे संरक्षण उरत नाही. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले.

राष्ट्रपती राजवट ही आणीबाणीच ना?

घटनेच्या त्याच भागात ती आहे, पण अनुच्छेद ३५६ खाली, आणि तिने नागरिकांचे हक्क तहकूब होत नाहीत. राज्य झाल्यानंतर गोव्याने ती १९९०-९१, १९९९ आणि २००५ अशी तीनदा अनुभवली. डिसेंबर १९६६ मध्ये, जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी, बांदोडकर सरकार पायउतार झाले तेव्हा आणि १९७९ मध्ये आली ती राजवट अनुच्छेद ३५६ ची नव्हती. केंद्रशासित प्रदेशांच्या १९६३ च्या कायद्याखालची होती. अनुच्छेद ३६० ची आर्थिक आणीबाणी देशात अद्याप कधीच लागलेली नाही.

आदेश बेकायदेशीर वाटला तर कोठे जावे?

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध आधी त्यांच्याकडेच लेखी अर्ज करून पोच घ्यावी. त्यानंतर किंवा तातडी असेल तर थेट पर्वरीच्या उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. कोणाला बेकायदा अडकवून ठेवले असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो. स्थानबद्ध व्यक्तीला कोठडीत असल्यामुळे उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्जासोबत आदेशाची प्रत जोडावी. प्रत दिली जात नसेल तर ती केव्हा, कोणाकडे मागितली आणि काय उत्तर मिळाले हे याचिकेत लिहावे, आणि राजपत्रात तो आदेश प्रसिद्ध झाला आहे की नाही तेही नमूद करावे.